शब्द मागच्या रांगेपर्यंत

लाइव्ह साउंडच्या कामात गिटार मोठी करणं सोपं असतं. ड्रम तर छोट्या हॉलमध्ये माइक न लावताही पुरून उरतो. खरी कसोटी गाणाऱ्याच्या शब्दांपाशी लागते. बसकं छत, दाटीवाटीने उभी माणसं, दोन गिटार, बेस आणि ड्रमचा एकच कल्लोळ, आणि त्यातून एका पोराचं वाक्य मागच्या भिंतीला टेकून उभ्या असलेल्या माणसापर्यंत सबंध पोचवायचं, हे माझं काम. पुण्यातल्या कॉलेजांच्या गॅदरिंगपासून पबच्या कोपऱ्यातल्या स्टेजपर्यंत मी तेच करत आलो आहे. म्हणूनच असेल, इंग्लंडमधल्या शेफील्डच्या आर्क्टिक मंकीज या बँडची गोष्ट सगळे ज्या टोकाकडून सांगतात, त्या टोकाकडून मला ती पटत नाही.

सगळे सांगतात की या बँडला इंटरनेटने मोठं केलं. मला वाटतं, शब्दांनी केलं. इंटरनेटने ते फक्त वाहून नेले.

हाय ग्रीन हे शेफील्डच्या उत्तरेचं उपनगर. तिथल्या ॲलेक्स टर्नर आणि जेमी कुक या शेजारी पोरांना 2001च्या नाताळात घरून गिटार मिळाल्या. मॅट हेल्डर्सच्या वाट्याला ड्रम आले, कारण बाकीची वाद्यं आधीच वाटली गेली होती. अँडी निकल्सन बेसवर. 13 जून 2003 रोजी शेफील्ड शहरातल्या ‘द ग्रेप्स’ नावाच्या पबमध्ये त्यांनी पहिल्यांदा लोकांसमोर वाजवलं.

टर्नर तेव्हा ‘द बोर्डवॉक’ या जागी बारमागे काम करायचा. या जागेचं आधीचं नाव ब्लॅक स्वान. 4 जुलै 1976 रोजी द क्लॅश या पंक बँडने आपला पहिला कार्यक्रम इथेच केला होता. इथेच टर्नरने जॉन कूपर क्लार्क या कवीला ऐकलं. हा सॅल्फर्डचा माणूस आपल्याच भागाच्या हेलात, एका दमात, कविता बोलत सुटतो. साथीला काही नसलं तरी त्याच्या बोलण्यातच ताल असतो. टर्नरच्या गाण्यांत वाक्यं एकमेकांच्या पायात पाय घालून धावतात आणि तरी पडत नाहीत, त्याची एक मुळी मला तिथे दिसते.

इंग्रज रॉक गायकांत अमेरिकन स्वर लावून गायची सवय जुनी आहे. त्याला अपवाद होतेच. याच शेफील्डचा पल्प हा बँड त्यातला. पण टर्नर ज्या सहजतेने घरच्या बोलीत गायला, ती विशीच्या आतल्या मुलाकडे क्वचित असते. ‘फेक टेल्स ऑफ सॅन फ्रान्सिस्को’ हे गाणं तर परगावचा आव आणणाऱ्या स्थानिक बँडवरच आहे. ते ऐकताना मी गायकाआधी वाजवणाऱ्यांकडे कान देतो. कडव्यात जागा मोकळी आहे. आवाजाला श्वास घेता येतो, आणि शब्द संपला की मगच गिटार अंगावर येते. अशी मांडणी ज्या बँडला सुचते, त्याच्या साउंडवाल्याचं निम्मं काम तिथेच झालेलं असतं.

हे का होतं, ते सांगतो. बोलण्यातला जोर स्वरांत असतो आणि तो बराचसा एक किलोहर्ट्‌झच्या खाली राहतो. अर्थ मात्र व्यंजनांत असतो. त, क, स, प यांची ओळख पटवणारा आवाज दोनपासून आठ किलोहर्ट्‌झपर्यंत पसरलेला असतो. झांजा तिथेच, गिटारच्या डिस्टॉर्शनची धारही तिथेच. कडवं चालू असताना ड्रमर उघड्या हाय-हॅटवर बडवत राहिला, तर मी फेडर कितीही वर नेला तरी लोकांना ‘आ’ आणि ‘ओ’ एवढंच ऐकू येणार. वर फीडबॅक सुरू होईल तो वेगळाच.

आता इंटरनेटच्या गोष्टीकडे येऊ. शेफील्डच्याच टू-फ्लाय स्टुडिओत, ॲलन स्माइथ यांच्याकडे, या मुलांनी डेमो रेकॉर्ड केले. त्यांच्या सीडी स्वतः बर्न केल्या आणि कार्यक्रमांत फुकट वाटल्या. त्या थोड्याच होत्या, सगळ्यांना पुरत नव्हत्या. ऐकणाऱ्यांनी त्यांच्या प्रती काढल्या आणि गाणी इंटरनेटवर चढवली. ‘बिनीथ द बोर्डवॉक’ हे त्या गाण्यांच्या संचाचं नावही बँडने दिलेलं नाही, चाहत्यांकडून आलं. मायस्पेस या साइटवरचं त्यांचं पानसुद्धा चाहत्यांनीच केलं होतं. मग पोरांना स्टेजवर एक अजब अनुभव येऊ लागला. बाजारात एकही रेकॉर्ड नाही, आणि समोरची गर्दी मात्र शब्दन्‌शब्द गाते आहे.

हे डेमो मी कामाच्या कानाने पुन्हा पुन्हा ऐकले आहेत. ते कच्चे आहेत, पण त्यात आवाज पुढे आहे, गिटारचे थर कमी आहेत, आणि वाक्य कुठे सुरू झालं नि कुठे संपलं ते पहिल्याच ऐकण्यात कळतं. जे कळतं तेच पाठ होतं. पुढे पहिल्या अल्बमसाठी जिम ॲबिस यांनी लिंकनशरच्या चॅपल स्टुडिओत ही गाणी नव्याने रेकॉर्ड केली. काम उत्तम आहे, त्यात वेग आहे, दणका आहे. तरी काही गाण्यांच्या बाबतीत माझं मत डेमोकडे झुकतं.

कंपनी शेवटी आली. मे 2005 मध्ये बँडने स्वतःच्या बँग बँग या नावाखाली दोन गाण्यांची छोटी रेकॉर्ड काढली, जेमतेम दीड हजार प्रती. शेफील्डमध्ये हा मार्ग नवा नव्हता. 1979 साली डेफ लेपर्ड या बँडनेही करार होण्याआधी आपली पहिली ईपी अशीच हजार प्रतींत स्वतः काढली होती. जूनमध्ये डोमिनो या लहान, स्वतंत्र कंपनीशी करार झाला. ऑक्टोबरमध्ये लंडनचं अ‍ॅस्टोरिया हे सभागृह भरलं, पहिलं सिंगल थेट पहिल्या क्रमांकावर गेलं. जानेवारी 2006 मध्ये आलेल्या अल्बमच्या पहिल्याच आठवड्यात तीन लाख साठ हजारांहून अधिक प्रती खपल्या. ब्रिटनमध्ये कुठल्याही बँडचा पहिला अल्बम तोवर इतक्या झपाट्याने खपला नव्हता. त्याच वर्षी निकल्सन थकून अमेरिकेच्या दौऱ्याला गेला नाही आणि नंतर बँडबाहेरच पडला. या गोष्टीतलं हे एक वाक्य लोक गाळतात. मी नव्या पोरांना ते आवर्जून सांगतो.

मराठीत गाणारे रॉक बँड माझ्याकडे येतात, तेव्हा मला या सगळ्याचा उपयोग होतो. आपल्या भाषेच्या अडचणी वेगळ्या आणि बळही वेगळं. ‘चार’मधला च आणि ‘चाक’मधला च माइकला दोन निराळे आवाज वाटतात. चाक, जाळ, झाड यांतली व्यंजनं दातांशी घासून येतात आणि त्यांची धार बरीच वर असते. आयत्या प्रीसेटमधला डी-एसर, म्हणजे ‘स’ची शीळ कमी करणारा प्रोसेसर, नेमका तिथेच दाबतो आणि शब्द बोथट होतो. तो सैल करायचा, आणि गायकाला माइक किंचित तिरका धरायला शिकवायचं.

दुसरी गोष्ट शब्दाच्या शेवटच्या ‘अ’ची. बोलताना आपण तो सोडतो, पण ओवी-अभंगाच्या गायकीत तो सुरात येतो, आणि घरी भजन ऐकत वाढलेला मुलगा रॉक गातानाही तो ताणतो. संथ गाण्यात ते शोभतं. वेगवान गाण्यात मात्र तो ‘अ’ टाकून द्यावा, व्यंजनावर शब्द तोडावा, म्हणजे स्नेअर आणि भाषा एकाच ठिकाणी आदळतात.

हे आपल्याला परकं मुळीच नाही. पोवाडा ऐका. शाहीर कथा सांगत असतो, डफ त्याच्या शब्दांच्या फटीत पडतो, तुणतुणं एकाच सुरावर टिकून राहतं, आणि झीलकरी ओळ संपल्यावरच उसळतात. माइकच्या आधीच्या काळात उघड्या मैदानावर हजारोंना शब्द ऐकवायची विद्या त्यात आहे. आमच्या रॉकवाल्यांनी लंडन-सिॲटलइतकाच अभ्यास या विद्येचा करावा, असं मला फार मनापासून वाटतं.

सध्या सातारच्या चार मुलांच्या बँडबरोबर मी बसतो आहे. गाणी त्यांचीच, बोली तिकडचीच, करार कुठलाच नाही. त्यांनी आणलेल्या रेकॉर्डिंगमध्ये गिटारचेच इतके ट्रॅक होते की गाणारा आत कुठेतरी होता. आम्ही सगळं बंद करून नुसता आवाज आणि किक ठेवली, आणि एकेक वाद्य फक्त गरज पटली तरच परत घेतलं. कडव्यात हाय-हॅट मिटलेला राहतो आता, बेस दोनच सुरांवर चालतो. ध्रुवपदात दोन्ही गिटार अजून एकाच सप्तकात एकमेकींना रेटतात. पुढच्या बैठकीला धाकटा गिटारवाला कॅपो लावून वर सरकून बघणार आहे.