फर्नेसचा रास्त भाव

२०२४ च्या जानेवारीत शिकागोवर थंडीची मोठी लाट आली होती, आणि नेमकी तेव्हाच शिकागोजवळच्या नेपरव्हिलमधल्या आमच्या घरातली, घर तापवणारी गॅसची फर्नेस बंद पडली. २००१ मध्ये घर बांधलं तेव्हा बसवलेली, म्हणजे वय झालंच होतं. बोलावलेल्या माणसाने पुढचं झाकण काढलं, लवचीक नळीवरचा कॅमेरा आत सोडला आणि थोड्या वेळाने फोनवर फोटो दाखवला. हीट एक्स्चेंजरला तडा गेला होता. एक्स्चेंजरच्या आतून गॅसच्या ज्वाळेचा धूर जातो आणि बाहेरून आपण श्वासात घेतो ती हवा तापत जाते. मधला पत्रा फुटला की कार्बन मोनॉक्साइड घरात शिरण्याची भीती असते. हा फोटो आमच्याच फर्नेसचा कशावरून, असं माझ्या मनात आलं. कॅमेरा आमच्यासमोर पुन्हा सोडायला सांगितलं तेव्हा त्याने जराही खळखळ केली नाही. पत्र्याच्या वळणावर बोटभर लांबीची, कडेला गंजलेली चीर स्वच्छ दिसली. त्याने गॅसचा कॉक बंद केला आणि लाल चिठ्ठी अडकवली. ती चिठ्ठी बरोबर होती, हे मी आजही सांगेन.

भावाचं बोलायला मात्र त्याच कंपनीचा दुसरा माणूस संध्याकाळी आला. बेसमेंटमध्ये डोकावून तो वर आला आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर टॅबलेट मांडून बसला. जुन्या फर्नेसवर एक लाख बीटीयू (तासाला किती उष्णतेचा गॅस जळतो त्याचं माप) लिहिलं होतं, म्हणून नवीही एक लाखाचीच. आठ हजार नऊशे डॉलर. आज रात्री सही केली तर हजार कमी. शिवाय चालू असलेला, सहा वर्षांचा एसीही आत्ताच बदलून टाका, दोन्ही मिळून स्वस्त पडेल. घरात तेव्हा बावन्न फॅरनहाइट होतं आणि मुलं जॅकेट घालून अभ्यासाला बसली होती. अशा वेळी हात पेनाकडे जातोच. एका दिवसाचा भाव आणि थंडी, दोन्ही एकदम अंगावर येतात.

आम्हाला थांबता आलं ते दोन इलेक्ट्रिक हीटरांमुळे. इथल्या मराठी मंडळातल्या एका ताईंनी रात्री आणून दिले आणि वर बजावलं, "अगं, घाबरून सही करू नकोस. तीन ठिकाणचे भाव घे, तोवर सगळे एका खोलीत झोपा." हीटर पंधराशे वॉटचे. इथल्या पंधरा अँपिअरच्या एका सर्किटवर असा एकच चालतो, दुसरा लावला की ब्रेकर पडतो, म्हणून वेगवेगळ्या खोल्यांतले प्लग शोधावे लागले. बाहेरच्या भिंतीलगतचे नळ बारीक धारेने चालू ठेवले, सिंकखालच्या कपाटांची दारं उघडी टाकली, म्हणजे पाइप गोठणार नाहीत. भाव ठरवायला लागणारा वेळ असा विकत घेता येतो आणि तो फार स्वस्त पडतो. इथे नवीन घर घेणाऱ्या प्रत्येकाला मी सांगते, दोन हीटर ऑक्टोबरातच आणून ठेवा.

मग आम्ही मापाकडे वळलो. माझ्या नवऱ्याला नोंदी ठेवायची सवय आहे. ३० जानेवारी २०१९ ला ओहेर विमानतळावर पारा उणे तेवीस फॅरनहाइटपर्यंत गेला होता, म्हणजे सेल्सियसमध्ये उणे तिसाच्याही खाली. शाळा, ऑफिसं सगळं बंद होतं. त्या दिवशी हा घड्याळ घेऊन बेसमेंटच्या पायरीवर बसला होता आणि दर तासाला बर्नर किती मिनिटं पेटतो ते त्याने वहीत उतरवलं होतं. सर्वांत गार तासाला पस्तीस मिनिटं. जुनी फर्नेस ऐंशी टक्के कार्यक्षम, म्हणजे एक लाख बीटीयूचा गॅस जाळून ऐंशी हजारांची उष्णता घरात. पस्तीस मिनिटांच्या हिशेबाने तासाला साधारण सत्तेचाळीस हजार. इतक्या वर्षांत आमच्या घराने मागितलेली ही सर्वांत जास्त उष्णता. शहाण्णव टक्क्यांची साठ हजार बीटीयूची फर्नेस तासाला सत्तावन्न हजार सहाशे देते. मग एक लाखाची कशाला? गरजेपेक्षा मोठी फर्नेस भसाभस तापवते, लगेच बंद पडते, पुन्हा पेटते. खोल्या कधी उकडतात, कधी गार पडतात आणि यंत्र लवकर झिजतं. कंत्राटदारांच्या संघटनेची यासाठी 'मॅन्युअल जे' नावाची हिशेबाची पद्धतच आहे. खिडक्या, भिंती, माळ्यावरचं इन्सुलेशन, गावाचं हवामान धरून घराला किती उष्णता लागते ते त्यातून काढतात.

बचतीचा हिशेबही तेव्हाच झाला. ऐंशीवरून शहाण्णववर गेलं तर तेवढ्याच उष्णतेला शंभराच्या जागी त्र्याऐंशी डॉलरचा गॅस लागतो. टॅबलेटवाल्याने "बिल निम्मं होईल" म्हटलं होतं. ते होणं शक्य नाही, कुठल्याच गॅस फर्नेसने नाही. सत्त्याण्णव टक्के किंवा त्याहून वरच्या मॉडेलवर तेव्हा सहाशे डॉलरपर्यंत करसवलत मिळत होती, पण त्या मॉडेलला आमच्याकडे त्याहून बरेच जास्त मागत होते. तो विचार सोडून दिला.

दुसरा भाव फोनवरच आला, तीन हजार नऊशे. मेसेजमध्ये एकच ओळ होती: फर्नेस बदलणे. परमिटचं विचारलं तर म्हणाला, त्याची काही गरज नाही. चिमणीचं विचारलं तर उत्तरच आलं नाही.

चिमणीचा मुद्दा मला तिसऱ्या भावासाठी बोलावलेल्या माणसाने शिकवला होता. जुनी फर्नेस आणि पाणी तापवणारा गॅसचा हीटर, दोघांचा धूर एकाच विटांच्या चिमणीतून जायचा. नवी फर्नेस धुरातली उष्णता इतकी शोषून घेते की उरलेला गारसर धूर पीव्हीसीच्या पाइपने भिंतीतून बाहेर सोडता येतो. चिमणी तिला लागत नाही. मग तिथे एकटा वॉटर हीटर उरतो आणि त्याच्या जेमतेम धुराला ती चिमणी फार रुंद पडते. धूर वर चढता चढता निवतो, आत पाणी धरतं, विटा झिजतात, आणि वाईट दिवशी धूर उलटा बेसमेंटमध्ये येतो. म्हणून चिमणीत आतून अरुंद पाइप घालावा लागतो, त्याला लायनर म्हणतात. तडा गेलेली फर्नेस विषारी वायूच्या भीतीने काढायची आणि त्याच वायूची दुसरी वाट उघडी ठेवायची, हा कुठला स्वस्तपणा?

हा तिसरा माणूस दीड तास घरात फिरला. खिडक्या मोजल्या, माळ्यावर चढला, खोल्यांतल्या हवेच्या जाळ्या मोजल्या, डक्टला बारीक भोक पाडून हवेचा दाब बघितला. नवऱ्याने वही दाखवल्यावर तो खूश झाला, पण स्वतःचा हिशेब त्याने सोडला नाही, आणि तोही साठ हजारांवरच आला. दोन पानांचं कोटेशन: मॉडेलच्या नंबरासकट फर्नेस, पीव्हीसीचे पाइप, धुरातून सुटणाऱ्या पाण्याचा निचरा जमिनीतल्या जाळीपर्यंत, चिमणीचा लायनर, गॅस पाइपवर कचरा अडवणारा तुकडा, परमिट, जुनी फर्नेस उचलून नेणं, शेवटी धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडची चाचणी. सुट्या भागांची दहा वर्षांची वॉरंटी, मजुरीची दोन. एकूण सहा हजार एकशे पन्नास. यंत्राची किंमत यात साधारण तिसरा हिस्सा, हे त्याने विचारल्यावर सरळ सांगितलं. बाकी दोन माणसांचा पूर्ण दिवस, सामान, गाडी, विमा आणि पुढे बोलावलं तर यायची हमी.

तीन कागद, म्हणजे खरं तर दोन कागद आणि एक मेसेज, शेजारी ठेवले. तीन हजार नऊशेमध्ये लायनर, परमिट, चाचणी आणि मजुरीची हमी मिळवली की तो आकडा सहज पाच हजारांच्या वर जात होता. आठ हजार नऊशेमध्ये यातलं काहीच जास्तीचं नव्हतं, फक्त नको तेवढी मोठी फर्नेस होती. तिसऱ्यालाच काम द्यायचं ठरलं. आकड्यावर घासाघीस आम्ही केली नाही. कोटेशनमध्ये अडीचशेचा नवा थर्मोस्टॅट होता, आमचा चांगला चालत होता, तो काढायला सांगितला. त्याने लगेच खोडून पाच हजार नऊशे लिहिलं. त्यातले पाचशे इन्स्पेक्शन झाल्यावर देऊ, हेही त्याच कागदावर आलं.

काम एका दिवसात झालं. दहा वर्षांची वॉरंटी आपोआप मिळत नाही. ठरलेल्या मुदतीत कंपनीच्या साइटवर सीरियल नंबर नोंदवला नाही तर ती पाचच वर्षांची राहते. तो नंबर आम्ही त्याच रात्री नोंदवला. पुढच्या आठवड्यात शहराचा इन्स्पेक्टर आला. त्याने लायनर वरपर्यंत बघितला आणि बाहेरच्या भिंतीतला पाइप जमिनीपासून पुरेसा उंच नाही म्हणून तो वाढवायला सांगितला, म्हणजे बर्फ साचल्यावर त्याचं तोंड बुजणार नाही. दुसऱ्या दिवशी कंत्राटदार येऊन कोपर आणि नळी बदलून गेला, जास्तीचे पैसे मागितले नाहीत. इन्स्पेक्टरची सही झाली आणि उरलेल्या पाचशेचा चेक मी त्याच दुपारी टाकला.