बाबांचा याशिका

माळा आवरताना बाबांचा याशिका इलेक्ट्रो ३५ सापडला. १९६६ साली बाजारात आलेला हा कॅमेरा. लेन्स न निघणारी, ४५ मिमी, एफ १.७, तिच्यापुढे बसवायची वाइड आणि टेलीची जोडभिंगंही डबीत आहेत. पण आमच्या भाईंदरची खाडीवरची दमट हवा! भिंगावर बुरशी. पाऱ्याची ५.६ व्होल्टची बॅटरी तर कधीच मिळेनाशी झाली. तिच्याशिवाय शटर फक्त १/५०० ला चालतं. भर उन्हात तेवढं पुरतं म्हणा.

फोकससाठी मधल्या पिवळट ठिपक्यातल्या दोन प्रतिमा एकावर एक आणायच्या. मोतीबिंदूमुळे बाबांना हल्ली त्या जुळलेल्या दिसतच नाहीत. "जुळलं की सांग," म्हणतात. बटण मात्र स्वतःच दाबणार!

रविवारी त्यांना उत्तनला नेतोय. रोल ३६चा आहे.