चाकांवरच्या घरातून रत्नागिरी

गेल्या पंधरा वर्षांत आईने आमच्यापाशी काही मागितल्याचे आठवत नाही. २०२३ च्या नाताळात मात्र, रात्रीची जेवणे आटोपल्यावर, पानाला चुना लावता लावता ती एकदम म्हणाली, "एकदा समुद्र दाखवा रे. पण वसई नको."

वसई नको का, हे विचारण्याचे धैर्य आम्हांला झाले नाही. तशी विचारण्याची गरजही नव्हती.

आम्ही मूळचे वसईचे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीची भूमी हादरली आणि मदतीसाठी म्हणून महिनाभराच्या बोलीने आम्ही या मुलखात आलो. पुढे अणदूरला शाळेत नोकरी मिळाली, सौभाग्यवतींनाही जवळच परिचारिकेचे काम मिळाले, आणि त्या महिन्याची तीस वर्षे झाली. २००९ साली वडील वारले. वसईची वाडी पाहणार कोण, हा प्रश्न उभा राहिला आणि आम्ही तो सर्वांत सोप्या मार्गाने सोडविला. वाडी विकली. खरेदीखतावर आईची सही आम्हीच घेतली. एरवी औषधाच्या बाटलीवरचे लेबलही चष्म्याशिवाय न वाचणाऱ्या आईने त्या दिवशी चष्मा मागितला नाही. सही करून पेन परत दिले आणि एका ट्रंकेनिशी ती आमच्याबरोबर अणदूरला आली.

आमच्या गावच्या खंडोबाचे एक वैशिष्ट्य आहे. मूर्ती एक आणि मंदिरे दोन. वर्षातले सुमारे दोन महिने देव नळदुर्गजवळच्या मैलारपूरला राहतो, पौष पौर्णिमेची यात्रा तिथेच भरते आणि उरलेला काळ तो अणदूरला असतो. आईने पहिल्या वर्षी ती मिरवणूक ओट्यावरून पाहिली आणि शेजारणीला म्हणाली, "तुमच्या देवाला दोन घरं आहेत, बरं आहे." आम्ही आत वर्तमानपत्र वाचीत होतो. ते पान नंतर कितीतरी वेळ आम्ही उलटले नाही.

आता प्रश्न होता प्रवासाचा. आईचे वय ब्याऐंशी. एसटीच्या पायऱ्या तिच्या गुडघ्यांना झेपत नाहीत, आणि दर दोन तासांनी तिला उतरावे लागते. याच कारणाने ती घराबाहेर पडायचे टाळते. अनेक घरांतील वृद्ध स्त्रिया याच कारणाने घरी बसतात, आणि आपण मात्र त्यांना प्रवासाची आवड उरली नाही असे समजतो. पुण्याच्या चिरंजीवांनी तोड काढली. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कारवाँ पर्यटनाचे धोरण आणल्यापासून अशा गाड्या भाड्याने मिळू लागल्या आहेत, हे त्यांनीच सांगितले. जानेवारी २०२४ मध्ये एका सकाळी ती गाडी आमच्या दारात उभी राहिली. आत चार माणसांची निजण्याची सोय, गॅसची शेगडी, बेसिन, शंभर लिटरची पाण्याची टाकी आणि मुख्य म्हणजे शौचकूप. अर्धी गल्ली गाडी पाहायला लोटली. आईने आत जाऊन फक्त त्या शौचकूपाचे दार उघडून पाहिले, कडी लावून पाहिली, आणि म्हणाली, "चला."

अणदूर ते रत्नागिरी हे अंतर चारशे किलोमीटरच्या आसपास आहे. रत्नागिरी-नागपूर म्हणून ओळखला जाणारा हा रस्ता आमच्या जिल्ह्यात तुळजापूरवरून जातो. रत्नागिरीकडचे लोक त्याला मिऱ्या-नागपूर महामार्ग म्हणतात, कारण त्याचे एक टोक मिऱ्याच्या किनाऱ्याशी आहे. ज्या रस्त्यावरच्या तुळजापूरला आम्ही इतकी वर्षे बाजारहाटाला जात होतो, तो पुढे समुद्रालाच जाऊन भिडतो, हे आम्हांला त्या दिवशी प्रथम जाणवले. भूगोल शिकविणाऱ्या माणसाने असे लिहावे हे बरे नव्हे, पण खरे ते हेच.

सोलापूर, मंगळवेढा, सांगोला मागे पडले. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी हा आमचा शिधा. मिरजेला गाडी थांबली तेव्हा आम्ही नातीला सांगितले की, एप्रिल २०१६ मध्ये लातूरला प्यायला पाणी उरले नव्हते, तेव्हा इथूनच कृष्णेचे पाणी रेल्वेने गेले. पहिल्या खेपेला दहा टाक्यांतून सुमारे पाच लाख लिटर. नात पुण्यात वाढलेली, वय वर्षे नऊ. तिला ती गोष्टच वाटली. त्या उन्हाळ्यात आमच्या अंगणातल्या पिंपाला आई रात्री कुलूप लावीत असे, हे तिला सांगायचे आम्ही राहून गेलो.

आंबा घाटात रस्त्याच्या रुंदीकरणाचे काम चालू होते. गाडी गोगलगायीच्या गतीने उतरली. घाट संपला आणि हवेचा पोत बदलला. काळ्या मातीच्या जागी तांबडा जांभा, बाभळीच्या जागी मोहोरलेले आंबे. आईने खिडकीची काच खाली करून घेतली आणि काही न बोलता तोंड बाहेर काढून बसली. सौभाग्यवती म्हणाल्या, "आई, वारा लागेल तुम्हांला." आई म्हणाली, "लागू दे."

एवढी मोठी गाडी रत्नागिरीच्या गल्ल्यांत फिरवणे अवघड. भाट्याच्या खाडीवरचा पूल ओलांडून पलीकडे सुरूच्या बनालगत मुक्काम ठोकला. रात्री शेगडीवर पिठले झाले, प्रार्थना झाली, दिवा मालवला. सहा माणसे आणि चार माणसांची जागा, त्यामुळे चिरंजीव ड्रायव्हरच्या आसनावर आडवे झाले. लाटांचा आवाज रात्रभर येत होता. आई जागी होती, आम्हीही.

दुसऱ्या दिवशी सकाळी टाकी कोरडी! नातीने पायांची वाळू धुण्यासाठी नळ सोडून ठेवला होता. तांब्याभर पाण्यात तोंड, हात आणि वर तुळशीला ओंजळ एवढे भागविणाऱ्या अणदूरकरांना हा प्रलयच वाटला. आई मात्र रागावली नाही. जवळच्या घरी जाऊन तिने पाणी मागितले. त्या घरच्या बाईंनी विहिरीवरचा पंप चालू करून टाकी काठोकाठ भरून दिली, पैसे घेतले नाहीत, उलट दोन शहाळी दिली. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आमच्याकडे त्याच्या चौथाईच्या आसपास. तरी पाणी देणाऱ्या हाताचे मोल त्या मापाने ठरत नाही. आई त्या विहिरीच्या काठावर बराच वेळ वाकून पाहत उभी होती.

पुढचे दोन दिवस फिरण्यात गेले. मिरकरवाड्याच्या बंदरात आईने सुरमईचे कल्ले उघडून पाहिले, दोन कोळणींशी भावावरून यथेच्छ भांडण केले आणि शेवटी बांगडेच घेतले. इतकी प्रसन्न ती आम्हांला अणदूरला कधी दिसली नव्हती. रत्नदुर्ग तिने गाडीतूनच पाहिला. मांडवीची काळी वाळू नातीला आवडली नाही. मालगुंडला केशवसुतांचे जन्मस्थान आणि स्मारक पाहण्याचा हट्ट आमचा. तिथे बाकीच्यांनी आमच्यासाठी तासभर कळ काढली, एवढेच लिहितो.

थिबा राजवाड्यात मात्र सर्वांचेच पाय रेंगाळले. ब्रह्मदेशाच्या या अखेरच्या राजाला इंग्रजांनी १८८५ साली पदच्युत केले आणि पुढच्या वर्षी रत्नागिरीत आणून ठेवले. जांभ्या विटांचा, सागवानी लाकडाचा हा वाडा १९१० साली बांधून झाला. त्यात तो जेमतेम सहा वर्षे राहिला आणि डिसेंबर १९१६ मध्ये इथेच वारला. समाधीही इथेच. १९१९ साली कुटुंबाला परत जाऊ दिले गेले, पण थोरली राजकन्या काही काळाने पुन्हा रत्नागिरीला आली आणि १९४७ साली इथेच निवर्तली. तिची मुलगी टूटू मराठी बोलत, इथल्याच माणसाशी संसार करीत इथेच म्हातारी झाली.

हे सारे आम्ही शिक्षकी थाटात सांगत होतो. आई वरच्या मजल्याच्या खिडक्यांकडे पाहत होती. मध्येच म्हणाली, "राजाला कुणी विचारलं नसेल, कुठं राहायचंय म्हणून."

आम्ही पुढचे सांगायचे थांबलो.

त्या संध्याकाळी भाट्याच्या वाळूत खुर्ची टाकून आई बसली होती. चिरंजीव आणि सूनबाई नातीला घेऊन पाण्याकडे गेलेली, सौभाग्यवती गाडीत बांगडे तळीत होत्या. आम्ही आईच्या पायाशी वाळूत बसलो. सूर्य पाण्याला टेकला तेव्हा, आमच्याकडे न पाहता, तिने विचारले,

"बावखल बुजवलं का रे?"

आमच्या वाडीच्या मधोमध बावखल होते. त्याच्यावर रहाट, कडेने माड, पलीकडे केळी आणि पानवेली. त्याच पाण्यावर आजोबांनी आणि वडिलांनी वाडी जगविली. पंधरा वर्षांत तिने त्याचा उच्चारही केला नव्हता, आणि आम्हीही कधी सांगितले नव्हते.

"बुजवलं," आम्ही म्हणालो. "दुसऱ्याच वर्षी. तिथे आता इमारत आहे."

"किती मजल्यांची?"

"चार."

तिने मान हलविली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "मला वाटलंच होतं. तू सांगशील म्हणून वाट बघत होते." मग आमच्या खांद्यावर हात टेकून ती उठली, कारण बांगडे गार झालेले तिला चालत नाहीत.

निघायच्या दिवशी भाट्याच्या नारळ संशोधन केंद्रातून तिने बाणवली जातीचे एक रोप घेतले. अणदूरच्या जमिनीत माड धरेल का, पाणी कुठले घालणार, अशा शंका आम्ही काढल्या. भांडी विसळलेले पाणी घालू, असे म्हणून तिने ते रोप शौचकूपात ठेवविले. मग परतीचा सारा प्रवास प्रत्येकाला आत जाताना माडाची पाने बाजूला सारावी लागली.

मिरजेच्या अलीकडे ती जागी झाली. म्हणाली, "पुढच्या खेपेला गाडी वसईला ने. इमारत तर इमारत, बघून येऊ."

माडाला नवे पान फुटले आहे. चिरंजीव ईस्टरच्या सुट्टीतल्या भाड्याची चौकशी करीत आहेत. या वेळी टाकी दोनशे लिटरची हवी, अशी नातीचीच सूचना आहे.