नियम गप्प, माणसे बोलकी

वहीवर किंमत छापलेली असते १० डॉलर आणि गल्ल्यावर मागितले जातात ११ डॉलर ३ सेंट. शिकागोत नुकत्याच राहायला आलेल्या जर्मन माणसाला पहिली ठेच बहुधा इथेच लागते. वरचे पैसे म्हणजे १०.२५ टक्के विक्रीकर. तो लेबलावर नसतो, बिल करताना लागतो. जर्मनीत दुकानदाराने करासकट अखेरची किंमत लिहिलीच पाहिजे असा कायदा आहे, त्यामुळे रांगेत उभे राहतानाच नाणी मोजून हातात ठेवायची त्याला सवय. तो मनातल्या मनात हिशेब जुळवत असतो, तेवढ्यात गल्ल्यावरची मुलगी विचारते, दिवस कसा चाललाय, स्वेटर छान आहे, कुठून घेतला? मागे चार माणसे खोळंबलेली, पण कुणाच्या कपाळावर आठी नाही. पैशाची बाब झाकलेली आणि मनाची उघडी, हा उलटा कारभार पाहून तो चक्रावतो. मग घरी फोनवर तो जे सांगतो ते जवळजवळ ठरलेले असते: लोक फार गोड आहेत, पण वरवरचे. या निकालाचा पहिला भाग खरा आहे. दुसरा घाईचा आहे. अनोळखी माणसाशी गोड बोलणे ही अमेरिकन शहराची रोजची यंत्रणा आहे. जर्मनीत जी कामे नियम गुपचूप उरकून टाकतो, त्यांतली बरीचशी शिकागोत माणसाच्या तोंडावर येऊन पडली आहेत, आणि ते गोड बोलणे त्या कामांपैकीच एक आहे.

जर्मन शहरातला साधा आठवडा डोळ्यांसमोर आणला तर हे लक्षात येते. नव्या घरात गेलात की दोन आठवड्यांत पत्ता नोंदवायचा. प्लास्टिकची बाटली घेताना २५ सेंट अनामत भरायची आणि रिकामी बाटली दुकानातल्या यंत्रात घालून ती परत घ्यायची. भुयारी रेल्वेला बहुतेक ठिकाणी फाटकच नाही. तिकीट काढून सरळ गाडीत बसायचे, आणि अधूनमधून साध्या कपड्यातला तपासनीस आला व तुमच्याकडे तिकीट नसले, तर ६० युरो दंड. रविवारी दुकाने बंद. ही विश्रांती कुणाच्या मर्जीवर नाही. १९१९ च्या वायमार घटनेतले त्याविषयीचे कलम १९४९ च्या मूलभूत कायद्याने जसेच्या तसे उचलले आहे. वेटरला इतर कामगारांइतकेच किमान वेतन मिळते. टीप म्हणून बिलाची रक्कम थोडी वर नेऊन दिली की झाले. या सगळ्या व्यवहारांत कुठेही हसावे लागत नाही. अनोळखी माणसाशी न बोलणे म्हणजे त्याच्या वाटेला न जाणे, आणि वाटेला न जाणे हीच तिथली सभ्यता. गेओर्ग झिमेल या बर्लिनच्या समाजशास्त्रज्ञाने १९०३ मध्येच महानगरातल्या माणसाच्या या अलिप्तपणाचा अर्थ लावला होता: इतक्या गर्दीत प्रत्येकाला मन द्यायचे तर मन उरणारच नाही. पण ज्या शहरात अलिप्त राहूनही सगळे सुरळीत चालते, तिथे कुणीतरी बोलण्याचे काम आधीच करून ठेवलेले असते. बर्लिनमध्ये ते नियमाने करून ठेवले आहे.

शिकागोत तसे करून ठेवलेले नाही. पत्ता नोंदवायला कचेरी नाही. तुम्ही कुठे राहता याचा पुरावा म्हणजे विजेचे बिल. घर भाड्याने घ्यायला गेलात की घरमालक कर्जफेडीचा इतिहास पाहतो, आणि हँबर्गला वीस वर्षे चोख हप्ते फेडलेल्या माणसाचा इतिहास इथे कोरा असतो. इथे त्याला ओळखणारी कोणतीही वही नाही. अनोळखी माणसावर विश्वास कशाच्या जोरावर टाकायचा, हा या शहरांचा जुना प्रश्न आहे. १९०४ मध्ये माक्स वेबर अमेरिकेत हिंडला, शिकागोचे कत्तलखानेही त्याने पाहिले. पुढे त्याने लिहून ठेवले, की इथे एखाद्या धर्मपंथाने पारखून आत घेतलेला माणूस व्यापारातही उधारीला लायक समजला जातो. जिथे सरकारी शिक्का पुरत नाही, तिथे माणसाने माणसाची ग्वाही द्यायची. आज पंथाची जागा कर्जफेडीच्या गुणांकाने घेतली आहे, पण मधली पोकळी तीच आहे, आणि ती दिवसभर लहान लहान बोलण्यांनी भरली जाते. लिफ्टमधली हवेवरची टिप्पणी, बसमधून उतरताना चालकाला दिलेले धन्यवाद, कुत्रा फिरवणाऱ्याला थांबवून विचारलेले कुत्र्याचे नाव, यांतून दोन अनोळखी माणसे एकमेकांना एवढेच कळवत असतात, की माझ्यापासून तुला धोका नाही आणि गरज पडली तर मी बोलण्यासारखा आहे.

हीच गोष्ट एका जर्मन दुकानात फार नेमकी दिसते. आल्डी ही जर्मन साखळी १९७६ पासून अमेरिकेत आहे आणि तिचे अमेरिकेतले मुख्यालय शिकागोजवळच्या बटाविया गावात आहे. तिने आपली शिस्त सोबत आणली. ढकलगाडी हवी तर साखळीच्या कुलपात २५ सेंटचे नाणे घाला. गाडी जागेवर नेऊन लावली की नाणे परत. नियम स्वतःच गाडी परत आणून घेतो, कुणी कुणाला सांगायला नको. पण अमेरिकन गिऱ्हाइकांनी त्याला वेगळेच वळण दिले. सामान डिकीत टाकून झाल्यावर बाई गाडी ढकलत निघते, समोरून येणारा म्हातारा खिसा चाचपतो, आणि ती हात हलवून म्हणते, राहू द्या नाणे, गाडी घ्या. कधी गाडी नाण्यासकट रांगेत तशीच सोडून दिलेली सापडते. माणसांची मध्यस्थी टाळण्यासाठी केलेली योजना इथे दोन माणसांच्या हाय-हॅलोचे निमित्त झाली. नाणे तेच, कुलूप तेच, काम बदलले.

जानेवारीतले शिकागो याहून रोखठोक आहे. रात्रभर बर्फ पडते, रस्त्याकडेला लावलेल्या मोटारी पांढऱ्या ढिगाऱ्यांखाली जातात. तासभर फावडे मारून आपली मोटार मोकळी केलेला माणूस कामावर जाताना त्या रिकाम्या जागेत काहीतरी मांडून जातो: अंगणातल्या दोन मोडक्या खुर्च्या, इस्त्रीचे टेबल, मुलांचे जुने खेळणे. अर्थ सगळ्या गल्लीला ठाऊक असतो, ही जागा मी खणली आहे, माझी आहे. कायद्याने रस्ता सर्वांचा. महापालिका काही दिवसांनी या वस्तू उचलून नेते. तोवर मात्र त्या खुर्चीला हात लावायची सहसा कुणाची छाती होत नाही. जर्मन माणूस इथे हमखास विचारतो, हे कुठे लिहिले आहे? कुठेच लिहिलेले नाही. नियमाची गरज शिकागोलाही आहेच. फक्त इथला नियम छापखान्यातून येण्याऐवजी गल्लीतून येतो. मोडक्या खुर्चीला मान द्यायचा, तर ती कुणी ठेवली याची थोडीफार कल्पना हवी, आणि ती कल्पना जिन्यात उभ्याउभ्या झालेल्या गप्पांतूनच येते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: असेल यंत्रणा, पण ओलावा कुठे आहे? कसे आहात विचारायचे आणि उत्तराची वाट न पाहता पुढे जायचे. घरी या म्हणायचे आणि पत्ता द्यायचा नाही. हा आक्षेप कुर्ट लेव्हिन या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १९३६ मध्येच शास्त्रीय भाषेत मांडला. १९३३ मध्ये जर्मनी सोडून तो अमेरिकेत आला होता. त्याच्या मते अमेरिकन माणसाचे बाहेरचे थर सहज उघडतात आणि आतला गाभा बंद असतो. जर्मन माणसाचे बाहेरचे थरच कठीण. लोकांनी याची पीच आणि नारळ अशी चटकदार उपमा करून टाकली. पण उपमेने घोटाळा होतो, कारण ती गल्ल्यावरच्या मुलीच्या प्रश्नाला मैत्रीच्या तराजूत तोलते. तिने मैत्री देऊ केलीच नव्हती. तिने त्या क्षणापुरती दखल घेतली, आणि दखल हा अपुरा स्नेह नव्हे. ती स्वतंत्र वस्तू आहे. लाखो अनोळखी माणसांच्या शहरात एकट्याने राहणाऱ्या माणसाला खोल मैत्री एकदोन पुरतात, दखल मात्र रोज लागते. जर्मन शहर त्याला सुरक्षितता देते आणि दखल घ्यायचे विसरते. शिकागोचे नेमके उलटे आहे.

दुसरा आक्षेप रक्ताचा: जर्मनांना नियम आवडतात, अमेरिकनांना मोकळेपणा, त्यात एवढे काय शोधायचे? याला शिकागोच्याच इतिहासात उत्तर आहे. १८५५ मध्ये लीव्हाय बून हा परकीयांच्या विरोधातल्या पक्षाचा महापौर निवडून आला. त्याने दारूच्या परवान्याचे शुल्क ५० डॉलरवरून ३०० डॉलर केले आणि रविवारी गुत्ते बंद ठेवण्याचा जुना कायदा कडकपणे लावला. नदीच्या उत्तरेला राहणाऱ्या जर्मन कामगारांचा रविवार बिअरच्या बागेत, कुटुंबासह आणि बँडच्या संगीतात जायचा. पकडलेल्या गुत्तेवाल्यांच्या खटल्याच्या दिवशी, २१ एप्रिलला, ते मोर्चाने न्यायालयाकडे निघाले. त्यांना अडवण्यासाठी नदीवरचा फिरता पूल वळवून ठेवण्यात आला, गोळीबार झाला, एक माणूस मेला. रविवार कायद्याने बांधावा असे म्हणणारी बाजू त्या वेळी अमेरिकन होती आणि मोकळा रविवार मागणारी जर्मन. बिअर आणि किराणा एक नव्हेत, हे मान्य. तरीही नियमाची आवड रक्तातून येत नाही एवढे यातून ठरते. ज्या समाजाने पुढे शंभर वर्षांत विमा, वेतन, विश्रांती आणि किंमत यांचे ओझे कायद्यावर टाकले, त्याची माणसे गप्प राहू शकली. ज्याने ते पुरेसे टाकले नाही, त्याच्या माणसांना बोलावे लागले.

तिसरा आक्षेप सगळ्यांत जड आहे आणि त्याच्यापुढे माझे म्हणणे थोडे वाकते. हे हसू फुकटचे नाही. अमेरिकेच्या संघीय कायद्यात टीप मिळवणाऱ्या कामगाराचे किमान वेतन १९९१ पासून ताशी २ डॉलर १३ सेंटवरच आहे; राज्ये आणि शहरे आपापल्या परीने त्यात भर घालतात, उरलेले गिऱ्हाइकाने द्यायचे. म्हणजे चौकशी करणाऱ्या वेटरच्या गोडव्यात घरभाड्याची काळजी मिसळलेली असते. शिवाय लिहिलेल्या नियमापुरता तरी चेहरा आड येत नाही. गल्लीचा अलिखित नियम आधी चेहराच पाहतो. २७ जुलै १९१९ ला मिशिगन सरोवरात पोहणारा १७ वर्षांचा युजीन विल्यम्स हा कृष्णवर्णीय मुलगा, पाण्यात कुणीही आखलेली नसलेली गोऱ्या-काळ्यांची रेघ ओलांडून वाहत गेला. किनाऱ्यावरून दगड आले, तो बुडाला, आणि त्यानंतरच्या दंगलीत ३८ माणसे मेली. ती रेघही कुठेच लिहिलेली नव्हती. आजही शहराच्या दक्षिणेच्या आणि पश्चिमेच्या बऱ्याच वस्त्या कृष्णवर्णीयांच्या आणि उत्तरेच्या बऱ्याचशा गोऱ्यांच्या आहेत. नव्याने आलेल्या जर्मन माणसाच्या वाट्याला येणाऱ्या दिलखुलासपणात त्याच्या गोऱ्या कातडीचा वाटा किती, हे त्याने स्वतःला विचारायला हवे. मात्र एवढ्यावरून लिखित नियम निर्दोष ठरत नाही. लेव्हिनने ज्या वर्षी देश सोडला, त्याच वर्षी ज्यूंना सरकारी नोकरीतून घालवणारा कायदा जर्मनीत रीतसर छापून आला होता. नियमालाही डोळे फुटतात, आणि फुटले की ते गल्लीच्या डोळ्यांपेक्षा लांबचे पाहतात.

अमेरिकेत जाऊन येणारी मराठी माणसेही जर्मनांचेच वाक्य बोलतात: गोड आहेत, पण वरवरचे. हे वाक्य टाकण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. हे गोड बोलणे कोणते काम करते, त्या कामाचे पैसे कोण देतो, आणि ते कुणापर्यंत पोचत नाही? पहिल्याचे उत्तर मिळाले की वरवरचे हा शब्द गळून पडतो. उरलेल्या दोहोंची उत्तरे मिळाली की भाबडे कौतुकही गळून पडते. शिकागोच्या नगरसभेने २०२३ मध्ये टीप मिळवणाऱ्यांसाठीचे वेगळे, कमी वेतन टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा निर्णय घेतला. हसण्याच्या अंगावरचे निदान एक ओझे त्याने नियमावर टाकले, आणि ते तिथेच असायला हवे. पगार नियमाने द्यावा. स्वेटर कुठून घेतला हे माणसाने विचारावे.