उजवीकडे वळ, रोबो!

बोरिवली वेस्टला स्टेशनबाहेर पडलात की एकदा मान वर करून बोर्ड वाचा. भरतनाट्यम, अबॅकस, 'हँडरायटिंग सुधारा'... आणि आता त्यांच्या शेजारी रोबोटिक्स. वय वर्षं सहापासून पुढे. सहा! त्या वयात आपल्याला बुटाची लेससुद्धा धड बांधता येत नव्हती.

एका शनिवारी अशाच एका क्लासमध्ये जाऊन बसले. टू बीएचके फ्लॅट, हॉलमध्ये लांबलचक टेबल, एसी फुल्ल. प्रत्येक मुलापुढे एक किट. चाकं, दोन मोटर, बॅटरी, समोर काही आलं की कळवणारा सेन्सर. पडद्यावरच्या चित्राबरहुकूम गाडी जोडायची. तासाभरात सगळ्यांच्या गाड्या तयार. सगळ्या अगदी सारख्या. आईबाबा आत आले, मोबाइल बाहेर निघाले, व्हिडिओ झाले. खरं सांगू? मला तो फर्निचर जोडायचा क्लास वाटला. (फी विचारली. या लेखाच्या मानधनापेक्षा जास्त होती.)

पण टेबलाच्या टोकाला दुसरीतली एक मुलगी होती. तिची गाडी पुढे जायचं सोडून जागच्या जागी गरगर फिरत होती. सर मदतीला आले, तर तिने हात आडवा केला. पाचेक मिनिटं नुसती बघत बसली. मग एकदम, "हे चाक पुढे जातंय आणि हे मागे!" एका मोटरच्या वायर उलट्या जोडल्या होत्या. तिचं तिलाच सापडलं. तिच्या आईबाबांची सगळी फी त्या पाच मिनिटांत वसूल.

यामागचा फंडा जुना आहे. अमेरिकेत एमआयटीतल्या सीमोर पेपर्टने १९६७ मध्ये सहकाऱ्यांबरोबर 'लोगो' ही मुलांसाठीची प्रोग्रॅमिंगची भाषा बनवली. पुढे तिच्यावर चालणारं एक यांत्रिक कासव आलं. पन्नास पावलं पुढे, नव्वद अंश उजवीकडे, असं सांगितलं की ते जमिनीवर चालायचं आणि पोटातल्या पेनने मागे रेघ ओढायचं. पेपर्टचं म्हणणं असं की मशिनने मुलाला शिकवायचं नाही, मुलाने मशिनला शिकवायचं. चित्र फसलं तर स्वतः कासव व्हायचं आणि चालून बघायचं. त्याच्या 'माइंडस्टॉर्म्स' या १९८० च्या पुस्तकाचं नाव लेगोने १९९८ मध्ये आपल्या रोबो किटला दिलं. ते किट २०२२ मध्ये बंद झालं, पण पेपर्टचं कासव काही मेलं नाही.

आपल्या उपनगरातही ते पोचलंय. पवईच्या आयआयटीत प्राध्यापक श्रीधर अय्यर यांच्या पुढाकाराने 'कॉम्प्युटर मस्ती' ही शाळेच्या मुलांसाठीची पुस्तकं तयार झाली. त्यात तेजस, ज्योती आणि त्यांचा दोस्त मोझ गप्पा मारत शिकतात. भर कुठलं बटण दाबायचं यावर नाही, तर पायरीपायरीने विचार कसा करायचा यावर.

महापालिकेच्या शाळांचं काय? तिथे मशिन आलंच नाही असं नाही. २०११ मध्ये व्हर्च्युअल क्लासरूम सुरू झाले. दादरच्या स्टुडिओत शिक्षक, शहरभरच्या शाळांत पडद्यासमोर मुलं. २०१५ मध्ये आठवीच्या मुलांना टॅब मिळाले, त्यात पुस्तकं भरलेली. दप्तर हलकं झालं हे छानच. पण दोन्हीकडे बोलणार मशिन आणि ऐकणार मूल.

सोमवारी अंधेरी ईस्टच्या एका महापालिका शाळेत गेले. तिसरीचा वर्ग, ओळखीच्या बाई. त्यांनी बेंच भिंतीला सरकवले आणि एका मुलाला मधोमध उभं केलं. हा रोबो. सांगाल तेवढंच करणार. "दोन लाद्या पुढे! उजवीकडे वळ! चार लाद्या पुढे!" रोबो थेट बेंचवर आदळला. वर्ग खो-खो हसला. मग मागून एक जण ओरडला, "बाई, त्याला थांब सांगितलंच नाही!" यानंतर दहा मिनिटं जाम वाद. सूचना कुठे घालायची, उजवीकडे म्हणजे कुणाच्या उजवीकडे, आपल्या की त्याच्या? कासव होणं म्हणतात ते हेच, आणि खर्च शून्य.

आता लगेच 'बघा, पैसे लागतच नाहीत' म्हणू नका. लादीवर उलटी मोटर सापडत नाही. ती हातात घ्यावी लागते, बिघडवावी लागते. बोरिवलीच्या मुलीकडे ती होती, या वर्गाकडे नाही. आणि भाचीला क्लास लावणार असाल, तर तिथे किट कुठल्या कंपनीचं हे विचारत बसू नका. गाडी चालली नाही तर दुरुस्त कोण करतं, मूल की सर, एवढंच विचारा.

निघताना बाईंना म्हटलं, एखादं किट मागवा ना. त्या हसल्या. "अर्ज केलाय. पण एकच आलं तर अडतीस जणांत कुणाच्या हातात देऊ, ते तुम्हीच सांगा."

मागे नवा रोबो उभा राहिला होता. त्याने मान टाकली. "बाई, माझी बॅटरी संपली."