बिछायतीखालची ओल

घोड्याच्या ठाणात पाऊल टाकताच रात्रीचा सारा वृत्तान्त नाकाने वाचावा, हा माझा आयुष्यभराचा परिपाठ; आणि गेल्या पावसाळ्यापासून तेच नाक मला दगा देऊ लागले आहे. लीद डोळ्यांना दिसते, ती उचलता येते, तिचा प्रश्न कधीच नव्हता. परंतु वरून पिवळेधमक दिसणारे पिंजर आणि त्याच्या तळाशी फरशीला धरून बसलेली मुताची ओल, यांतला भेद केवळ वासावरून ओळखण्याचे जे कसब मी चारचौघांत मिरवीत आलो, ते वयोमानाने क्षीण झाले, हे मला उमगले तेही हाताखालच्या पोरामुळे. “आबा, हितं नाकाला झोंबतंय की,” म्हणत त्याने दाताळ्याने ठाणाच्या मध्यावरचे पिंजर उलटले, आणि खालून काळपट, चिकट, कोमट थर निघाला. मी त्याच जागी उभा होतो, आणि मला कसलाच वास आला नव्हता.

पश्चिमेस राधानगरी, भुदरगड, आजरा हा भाताचा मुलूख आणि पूर्वेस शिरोळ-हातकणंगल्याकडचा ऊस, या दोहोंच्या मधोमध कोल्हापुरात पागा सांभाळणाऱ्याला बिछायतीची निवड ही बरीचशी भूगोलाचीच बाब ठरते. मी भाताच्या पिंजराच्या पक्षाचा. पिंजर मूत शोषीत नाही, खाली जाऊ देते, त्यामुळे घोड्याचे अंग कोरडे राहते. मात्र अधाशी जनावर बिछायतच खाऊ लागले तर पोट तुंबून शूळ उठतो, हे विसरून चालत नाही. उसाचे पाचट पात्याला धारदार. गुऱ्हाळावरचे चिपाड ओल पिण्यास उत्तम, परंतु त्यात उरलेल्या रसावर मुंगळे आणि माशा जमतात, आणि आषाढात ढिगाला बुरशी धरली की तिचा बारीक धुरळा घोड्याच्या छातीत बसतो. त्या बुरशीने माणसांनाही फुफ्फुसाचा विकार जडतो. लाकडाचा भुसा ओल गिळतो खरा, पण ती लपवितोही, आणि खुरातल्या पुतळीच्या दोन्ही बाजूंच्या खाचांत तो ओलाच ठासून राहिला की पुतळी सडण्यास वेळ लागत नाही.

ताज्या मुताला तो झोंबणारा दर्प नसतो. लिदीतील जंतू मुतातल्या युरियाचे विघटन करितात तेव्हा अमोनिया सुटतो. म्हणजे या दोघांची गाठ पडू न देणे एवढेच आमचे काम, आणि तेच पावसात होत नाही. पुष्कळ ठिकाणी ओल्या थरावरच चुन्याची फक्की मारून मोकळे होतात. त्याने जागा पांढरी दिसते, पण अमोनिया उलट अधिक जोराने सुटतो. थर काढावा, फरशी वाळू द्यावी, मग पिंजर घालावे, हे शास्त्र ठीक. परंतु मृगापासून हस्तापर्यंत फरशी वाळणार कशी? श्रावणात सकाळी धुतलेली फरशी संध्याकाळी हाताच्या पालथ्या बाजूला गारच लागते, आणि तिच्यावर नवे पिंजर घालणे म्हणजे ओलीला पांघरूण घालणे. म्हणून त्या दिवसांत मी फरशी धुवीतच नाही. खरवडतो, कोरड्या भुशाने पुसून तो भुसा झाडून टाकतो, आणि मग गुडघे टेकून वास घेतो, कारण शिंगरू निजते ते जमिनीलगत, आणि उभ्या माणसाच्या नाकाला तिथली हवा कळत नाही.

कौटिल्याने अर्थशास्त्रात प्रत्येक घोड्यास त्याच्या लांबीइतके चौरस ठाण, गुळगुळीत फळ्यांची जमीन आणि मलमूत्र जाण्यास वाट नेमून दिली आहे. उलट ग्रीक झेनोफॉन बजावतो की ओल्या आणि गुळगुळीत जमिनीने चांगली खुरेही बिघडतात, म्हणून जमीन उताराची हवी. मी ग्रीकाच्या बाजूचा. मात्र दोघांपैकी एकानेही कोल्हापुरात एक पावसाळा काढलेला नव्हता.

नव्या तबेल्यांतून हल्ली रबरी चटया अंथरतात आणि वर नावाला मूठभर भुसा टाकतात. चटई दिसते स्वच्छ. तिच्या दोन तुकड्यांच्या सांध्यातून खाली काय साचले आहे ते उचलून पाहण्याची हिंमत मात्र मालकाला नसते. घोडागाडीच्या शर्यतींचे शौकीन खुराकावर सढळ हाताने खर्च करितात आणि तेच जनावर रात्री उघड्या सिमेंटवर उभे करितात. ज्या शहराने शाहू छत्रपतींना स्वहस्ते घोड्यांचा खडखडा हाकताना पाहिले, त्या शहरात आता टांगेवाले उरले नाहीत, त्यांच्यामागून नालबंदही गेले, आणि ठाण पाहून धन्याची पारख करणारी नजरही गेली. हे मी तक्रार म्हणून लिहितो आहे की माझे कौतुक करणारे उरले नाहीत म्हणून, याचा निवाडा वाचकांनीच करावा.

कारण कौतुकाची मला हाव आहे. ठाणाच्या तोंडाशी पिंजराची कड वळून ती दोरीत धरल्यासारखी सरळ बसविणे, याचा घोड्याला कवडीचाही उपयोग नाही. पाहुणा मात्र तिच्यावरच खूष होतो, आणि मी तिच्यावर फरशीहून अधिक वेळ घालवीत आलो. आता ओल शोधण्याचा अधिकार मी पोराकडे सोपविला आहे. काम आटोपेपर्यंत तंबाखूला हात लावायचा नाही, एवढीच अट. तो मला रोज दोन जागा दाखवितो, मी मान डोलवितो. कड मात्र मी अद्याप सोडलेली नाही. परवा माझे गुडघे धरले म्हणून त्याने ती वळली, आणि ती माझ्याहून सरळ आली. तो वैरण आणावयास गेला तेव्हा मी ती उसकटून पुन्हा माझ्या हाताने घातली.