काळाला फास घालणारा मुलगा

दुर्गाघाट, काशी
कार्तिक शुद्ध पंचमी

चि. सौ. लेकीस,

नातू निजताना ज्या गोष्टी ऐकतो त्याच मीही ऐकाव्यात, म्हणजे फोनवर आम्हा दोघांना बोलावयास विषय होईल, या हेतूने तू धाडलेल्या एल. फ्रँक बॉम यांच्या १९०१ सालच्या अमेरिकन परीकथा, माझी दृष्टी मंदावल्यापासून ग्रंथवाचन जवळजवळ सुटलेले असल्याने, मी बाराच्या बारा मोठ्या आस्थेने ऐकल्या.

पहिल्याच कथेत तुमच्या शिकागोतील एका घराच्या माळ्यावर मार्था नावाची मुलगी जुनी पेटी उघडते, आतून तीन इटालियन दरोडेखोर बाहेर पडतात, आणि दाराची घंटा वाजताच पोलीस आल्याची हूल देऊन ती त्यांना पुन्हा पेटीत कोंडते. मला हे फार आवडले. कितीतरी जातककथांचा आरंभ वाराणसीत ब्रह्मदत्त राजा राज्य करीत असल्यापासून होतो. दूरदेशीच्या श्रोत्यांचे आटपाट नगर ते आमचे राहते गाव, आणि म्हणूनच लहानपणी मला प्रत्येक अद्भुत गोष्ट शेजारच्या गल्लीत घडल्यासारखी वाटे. तोच हक्क बॉम यांनी शिकागोच्या मुलांना मिळवून दिला.

त्यांच्या एका मताशी मात्र माझी सहमती नाही. आदल्याच वर्षी, १९०० साली, ‘ओझ’ या पुस्तकाच्या प्रस्तावनेत त्यांनी नव्या परीकथेतून दुःख आणि भय वगळण्याचा मनोदय जाहीर केला होता. मणिकर्णिकेच्या स्मशानघाटाकडे जाणाऱ्या वाटेवर ज्याचे बालपण गेले त्याला हे कसे पटावे? सुदैवाने या संग्रहात पुढे त्यांची लेखणीच तो संकल्प मोडते: गुराख्याचा मुलगा जिम मोकळ्या मैदानात दोर भिरकावतो, तो फासात अदृश्य काळपुरुषच सापडतो, हाती विळा आणि वाळूचे घड्याळ घेतलेला, आणि सारे जग जागच्या जागी थबकते. ज्या नगरीचे कोतवाल साक्षात कालभैरव, तेथे बसून ही कथा ऐकताना अंगावर काटा आला.

या ध्वनिमुद्रणात कथा वाचणारी बाई कोण, हे मला ठाऊक नाही. लिब्रिव्हॉक्स या २००५ साली सुरू झालेल्या उपक्रमात स्वामित्वहक्क संपलेली पुस्तके स्वयंसेवक विनामूल्य वाचतात, एवढे तू लिहिलेस. काळपुरुष प्रकट होताना तिचा स्वर क्षणभर अडखळतो, आणि त्या अडखळण्यात मला आमच्या देवळातील पुराणिकबुवांचा श्वास ऐकू आला. एकनाथमहाराजांनी १५७३ साली याच काशीत पूर्ण केलेले भागवत निरक्षर कुणब्यांच्या घरी पोहोचले ते कानांवाटेच. पोथी ज्याला उलगडता येत नव्हती त्याच्यासाठी कुणीतरी आपला कंठ झिजवला, म्हणून.

माझी तुला विनंती एवढीच, की ही जिमची कथा नातवाला एकदा तुझ्या आवाजात, मराठीत सांग. तो अर्ध्यातच निजला तरी चालेल.

सध्या संध्याकाळी पंचगंगेवर वेळूच्या करंड्यांतून आकाशदीप दोरीने वर चढवतात. त्याला माझ्या वतीने विचार, की नेमका त्याच क्षणी जिमने काळाला बांधले, तर अर्ध्या वाटेवरच्या करंडीतला दिवा जळत राहील की नाही? रविवारी फोन येईल तेव्हा उत्तर ऐकेन.

तुझे बाबा